द्राक्षबागेत मिलीबगसाठी क्रिप्टोलेमस सोडले, पण टिकत नाहीत: कुठे चुकतंय ते असं शोधा

तक्रार दरवर्षी तीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये मिलीबग (पिठ्या ढेकूण) खाणारे क्रिप्टोलेमसचे भुंगेरे आणले, संध्याकाळी बागेत सोडले, आठवड्याने बघितलं तर एकही नाही. मिलीबग मात्र ओलांड्यावर (तारेवर आडव्या वाढवलेल्या खोडावर) जागच्या जागी. मग डिसेंबरात घडात चिकटा (मिलीबग सोडतो तो गोड चिकट द्रव), त्यावर काळी बुरशी, आणि निष्कर्ष एकच: "हे किडे आपल्याकडे चालत नाहीत."

भुंगेरा चालतो. तो सोडण्याआधीची तीन-चार कामं राहून गेलेली असतात, किंवा चुकीच्या क्रमाने झालेली असतात. खाली कारणं दिली आहेत, निफाड-दिंडोरी पट्ट्यात जी जास्त आढळतात ती आधी.

आधी खात्री करा: भुंगेरे खरंच नाहीत, की ओळखता येत नाहीत?

प्रौढ भुंगेरा ४ मिलिमीटरचा. पाठ काळपट तपकिरी, डोकं आणि मान नारिंगी. दुपारी तो पानांच्या आड किंवा सालीखाली असतो. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर बघा, आणि मिलीबगच्या वसाहतीवरच बघा. मोकळ्या पानावर शोधून उपयोग नाही.

खरा घोळ अळीचा. क्रिप्टोलेमसची अळी दिसायला मिलीबगसारखीच पांढरी, मेणकट. कामाला आलेल्या माणसांनी "मोठा मिलीबग" म्हणून चिंधीने पुसून टाकलेल्या कितीतरी अळ्या याच असतात. फरक ओळखायला एक काडी पुरे:

काडीचं टोक हळूच लावा. मिलीबगची मादी जागची हलत नाही, हललीच तर रेंगाळत. अळी तरातरा पळते. मादी ३ मिलिमीटरच्या आसपास, पातळ पांढऱ्या पावडरीखाली गुलाबी अंग, आणि चिरडली की लालसर पाणी. अळी पूर्ण वाढली की १३ मिलिमीटरपर्यंत जाते, अंगावर दोऱ्यांसारखे लांब मेणाचे झुबके लोंबतात. उलटी केली तर पायांच्या तीन जोड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कोषही फसवतो. तो जुन्या अळीच्या पांढऱ्या कातडीतच असतो, आणि सालीच्या फटीत किंवा वाळलेल्या पानाखाली चार-सहा कोष एकत्र असले तर थेट मिलीबगचा पुंजका वाटतो.

छाटणी, बांधणी, शेंडा मारणं ही कामं करणाऱ्या प्रत्येकाला अळी एकदा हातावर घेऊन दाखवा. तोंडी सांगून हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

तपासायचा क्रम असा ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वसाहतीवर प्रौढ दिसायला हवेत, आणि मिलीबगच्या कापसासारख्या अंडी-पिशव्या उसवलेल्या. आठव्या-दहाव्या दिवशी त्या पिशव्यांतच बारीक अळ्या; भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. पंधराव्या ते विसाव्या दिवशी मोठ्या अळ्या खोडावर-ओलांड्यावर फिरताना. महिन्याभराने नवे भुंगेरे. यातली कोणती पायरी गळाली, त्यावरून पुढचं कारण सापडतं.

तिसऱ्या दिवशी प्रौढच नाहीत, आणि खोडावर मुंग्यांची रांग आहे

पहिला संशय मुंग्यांवरच घ्या. मिलीबगचा चिकटा हे मुंग्यांचं खाणं, आणि ते देणाऱ्या वसाहतीची त्या राखण करतात. प्रौढ भुंगेरा बसला की चावून हाकलतात, तो उडून जातो. अळीला मेणाचं थोडं संरक्षण असतं, पण प्रौढ टिकलाच नाही तर अंडी कोण घालणार? मुंग्या असलेल्या वेलीवर भुंगेरे सोडणं म्हणजे पैसे उडवणं.

मुंग्यांसाठी दोन गोष्टी करायच्या: आमिष आणि पट्टी.

आमिषासाठी १ लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा. "जास्त टाकलं तर लवकर मरतील" म्हणून प्रमाण वाढवायचा मोह होतो, आणि तिथेच आमिष फसतं. १ टक्क्याच्या वर गेलात की मुंगी वारुळात पोचायच्या आत मरते किंवा आमिषाला तोंडच लावत नाही. राणीपर्यंत विष पोचायचं तर मुंगी दोन-तीन दिवस जगायला हवी. द्रावण झाकणाच्या छोट्या बाटलीत भरा, आत कापसाचा बोळा ठेवा, झाकणाला २ ते ३ मिलिमीटरची भोकं पाडा. मुंगी आत जाते, मधमाशी जात नाही. बाटली खोडाच्या बुंध्याशी, सावलीत, आडवी. आठ दिवसांनी द्रावण बदला, कारण ते आंबतं. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून हे काम भुंगेऱ्यांची ऑर्डर द्यायच्या आधी सुरू करा. जोराच्या पावसात मुंग्या बाहेर कमी पडतात आणि बाटलीत पाणी शिरतं. मे अखेर ते जून सुरुवात ही वेळ चांगली. लहान मुलं आणि जनावरं बाटलीपर्यंत पोचणार नाहीत एवढं बघा.

आमिष लावण्याआधी नुसतं साखरेचं पाणी एका झाकणात ठेवून बघा. अर्ध्या तासात मुंग्या जमल्या तर आमिष चालेल.

पट्टी: खोडावर जमिनीपासून फूट-दीड फुटावर आधी प्लास्टिकची टेप गच्च गुंडाळा, मगच त्यावर चिकट सापळ्याला वापरतात तो गोंद लावा. ग्रीस किंवा गोंद थेट सालीवर नको, साल खराब होते. धुळीने पट्टी १०-१५ दिवसांत भरते, मग पुन्हा लावावी लागते.

आणि एवढं करूनही मुंग्या वर दिसल्या तर दुसरा रस्ता शोधा. वाय पद्धतीत तो बहुतेक वेलीला आधार देणाऱ्या लोखंडी अँगलवरून असतो. मांडवात कडेच्या खांबांवरून आणि ताणाच्या तारांवरून. तारेला बांधलेली ड्रिपची नळी, बुंध्याशी वाढलेलं गवत आणि डॉगरिजच्या (ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात त्या जातीच्या) खुंटातून आलेले फुटवे हेही पूलच. फुटवे काढा, गवत कापा, अँगललाही पट्टी मारा. नुसत्या खोडाला पट्टी मारून "मुंग्या थांबत नाहीत" म्हणणारे बहुतेक जण अँगल विसरलेले असतात.

प्रौढ दिसतात, पण दहा-पंधरा दिवसांनी अळी एकही नाही

हे लक्षण जवळजवळ नेहमी ब्युप्रोफेझिन या कीटकनाशकाकडे बोट दाखवतं. मिलीबगवर ते चांगलं काम करतं, प्रौढ भुंगेऱ्याला मारत नाही, म्हणून "मित्रकीटकांना सुरक्षित" अशी त्याची ख्याती झाली. पण ते कीटकाची कात टाकण्याची क्रियाच अडवतं, आणि भुंगेऱ्याच्या अळीलाही कात टाकावीच लागते. प्रौढ फिरताना दिसतात, अंडी उबत नाहीत, उबली तर अळ्या पहिल्या-दुसऱ्या कातीला मरतात. बाग बाहेरून ठीक वाटते, पिढी पुढे सरकत नाही. ब्युप्रोफेझिन वापरायचं असेल तर वापरा, पण मग त्या हंगामात तिथे भुंगेरे सोडू नका. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत असं समजून एकाच महिन्यात करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

बाकी औषधांचं थोडक्यात: लॅम्बडा सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही सगळी प्रौढालाही मारतात. फवारणी आणि भुंगेरे यांत चार आठवड्यांचं अंतर धरा. "फवारलं नाही, ड्रिपने दिलं" हा बचाव चालत नाही. ड्रिपने दिलेलं इमिडाक्लोप्रिड रसातून मिलीबगमध्ये आणि त्याच्या चिकट्यात उतरतं, आणि मिलीबग खाणाऱ्याच्या पोटात जातं. किडी मारायला फवारतात ती बिव्हेरियाची बुरशी भुंगेऱ्यालाही लागू शकते, ती सोडण्याच्या आगेमागे पंधरा दिवस टाळा. डाऊनी-भुरी या रोगांची नेहमीची बुरशीनाशकं सहसा अडचण करत नाहीत, तरी सोडल्यानंतर पहिले चार-पाच दिवस ब्लोअर (ट्रॅक्टरचा पंख्याचा फवारणी पंप) चालवू नका. औषधापेक्षा हवेच्या झोताने आणि पाण्याने प्रौढ विखुरतात.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. बागेतली चार-पाच पानं आणि काडीचा तुकडा काचेच्या बरणीत टाका, तोंडाला पातळ कापड बांधा, आत १० भुंगेरे सोडा. दुसऱ्या बरणीत न फवारलेल्या पेरूची किंवा जास्वंदीची पानं आणि १० भुंगेरे. दोन्ही बरण्या सावलीत, कापडावर मधाच्या पाण्याचा थेंब. २४ तासांनी बागेच्या बरणीत तीन किंवा जास्त मेले आणि दुसरीत सगळे जिवंत, तर अवशेष अजून आहेत. आठवडाभर थांबा, पुन्हा बघा.

मुंग्या नाहीत, फवारणी नाही, तरी प्रौढ उडून गेले

बहुतेक वेळा त्यांना खायला आणि अंडी घालायला पुरेसं मिळालेलं नसतं. क्रिप्टोलेमसची मादी अंडी घालते ती मिलीबगच्या अंडी-पिशवीत किंवा तिच्या आसपास. पिशव्याच नसतील, सुटे चार मिलीबग असतील, तर ती पुढे निघून जाते. "अजून मिलीबग कमी आहे तोवरच सोडून ठेवू, वाढणारच नाही" हा विचार कानाला बरा वाटतो, पण या भुंगेऱ्याला लागू पडत नाही. थोड्या मिलीबगसाठी क्रायसोपर्ला या मित्रकीटकाच्या अळ्या किंवा निसर्गात आपोआप येणारी ॲनागायरस नावाची बारीक गांधीलमाशी बरी. (मिलीबग तपकिरी, फुगून टणक झालेला आणि त्याला गोल भोक दिसलं तर ती गांधीलमाशी तुमच्या बागेत आधीच आहे. असल्या वेलीवर काहीच करू नका.)

प्रमाण आणि वाटप इथेही घोळ होतो. शिफारस हेक्टरी ५,००० प्रौढांची, म्हणजे एकरी २,०००. नऊ बाय पाचच्या लागवडीत एकरी ९६८ वेली बसतात. सगळीकडे सारखे वाटले तर वेलीला दोन. त्या दोनांत नर-मादी असतीलच असं नाही, आणि निम्म्याहून जास्त वेलींवर मिलीबग नसेलही. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात ओळीने फिरून मिलीबग असलेल्या वेलींना रंगीत फीत बांधा. फक्त त्याच वेलींवर प्रत्येकी १० सोडा. १२० वेलींना फीत बांधली तर १,२०० भुंगेरे लागतील. उरलेले ८०० तीन आठवड्यांनी मागवा आणि नव्या अंडी-पिशव्या दिसतील तिथे सोडा.

सोडताना डबा ओलांड्याच्या बेचक्यात, वसाहतीला टेकवून उघडा आणि त्यांना आपणहून चालत बाहेर येऊ द्या. डबा झटकून हवेत उधळले की निम्मे त्याच क्षणी उडून जातात. वेळ संध्याकाळची, ऊन गेल्यावर. बागेशेजारी रात्री मोठा दिवा जळत असेल तर तो तेवढे दोन दिवस बंद ठेवा.

पार्सलमध्येच निम्मे मेलेले

एसटीने किंवा कुरिअरने येणारा डबा उन्हात पडून राहिला, किंवा गाडीच्या काचेखाली तासभर राहिला, की संपलं. डबा हातात आल्या आल्या उघडून बघा. निरोगी भुंगेरा तळहातावर सोडला की चालायला लागतो, बोटाच्या टोकाला जाऊन पंख उघडतो. उताणे पडून पाय हलवणारे सोडून काही होणार नाही. दहापैकी एखादा मेलेला चालतो. तीन-चार मेलेले असतील तर पुरवठादाराला त्याच दिवशी फोटो पाठवा. त्याच संध्याकाळी सोडणं शक्य नसेल तर थंड खोलीत ठेवा आणि कापसाला मधाचं पाणी लावून द्या. फ्रिजमध्ये नको.

वेळ चुकली

हा भुंगेरा मूळ ऑस्ट्रेलियाचा. अल्बर्ट कोबेलेने तो १८९१-९२ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय बागांसाठी नेला, भारतात तो १८९८ मध्ये आला. २५ ते २८ अंशांत तो जोमात असतो. १६-१७ अंशांच्या खाली मंदावतो, आणि सुप्तावस्थेत जाऊन हिवाळा काढणं त्याला जमत नाही.

नाशिकच्या हवेत याचा अर्थ काय? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाचाच्या आसपास उतरतो त्या दिवसांत निफाडच्या बागेत भुंगेरे सोडण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल उघडी पडते, सावली नाही, वर चाळिशीचं ऊन, तेव्हाही नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पहिला महिना उडद्या आणि थ्रिप्सच्या फवारण्यांचा, तोही गेला. उरते ती जुलै ते सप्टेंबरची खिडकी. पानोळा भरलेला, हवेत ओल, फवारण्या मुख्यतः बुरशीच्या, आणि मिलीबग अजून खोडा-ओलांड्यावर व शेंड्यांत. याच काळात दोन पिढ्या निघाल्या तर फळछाटणीला मिलीबगचा साठा खूप खाली आलेला असतो. सटाणा-कळवणकडे अर्ली छाटणी करणाऱ्यांनी हेच गणित महिना-दीड महिना आधी मांडावं, आणि छाटणीच्या तारखेआधी किमान पाच आठवडे मोकळे मिळत नसतील तर त्या प्लॉटवर खर्च करू नये.

साल काढली, पण उलट्या क्रमाने

जुनी सुटी साल मिलीबगचं घर आहे, ती काढायलाच हवी. पण ती भुंगेरे सोडण्याआधी. खरड छाटणीनंतर मे महिन्यात हाताने किंवा गोणपाटाने घासून सुटलेली साल काढा, खाली ताडपत्री अंथरून गोळा करा आणि जाळा. बोदावर (वेलीच्या मातीच्या वरंब्यावर) पडू दिली तर पिल्लं पुन्हा खोडावर चढतात. चाकूने खरवडून हिरव्या सालीपर्यंत जाऊ नका.

ऑगस्टमध्ये भुंगेरे सोडून सप्टेंबरमध्ये साल काढणाऱ्या बागा आहेत. तेव्हा सालीखाली मिलीबगपेक्षा भुंगेऱ्यांचे कोष जास्त असतात, आणि तेच जळतात. पहिल्यांदा सोडल्यापासून पाच आठवडे खोडाला हात लावू नका.

दरवर्षी विकत घ्यायचे नसतील तर

लाल भोपळ्यावर घरी वाढवता येतात. खाचा असलेला, देठ शाबूत असलेला पिकलेला भोपळा घ्या, धुवा, कार्बेन्डाझिम ०.१ टक्के द्रावणाने पुसून वाळवा, जखम असेल तिथे मेण ओता. त्यावर मिलीबगच्या अंडी-पिशव्या ठेवा. बागेतून आणताना पिशव्याच आणा, मोठे मिलीबग नकोत. मोठ्यांच्या पोटात गांधीलमाशी असते, आणि ती पिंजऱ्यात निघाली की भोपळाच्या भोपळा वाया. पंधरा-वीस दिवसांत भोपळा पांढरा झाला की तो फूटभर लांब-रुंद-उंच, बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून १०० भुंगेरे २४ तास सोडा आणि काढून घ्या. महिन्याने नवे निघू लागतात, एका भोपळ्यामागे साधारण पावणेदोनशे. ते मधाच्या पाण्यावर आठ-दहा दिवस एकत्र ठेवा, म्हणजे जुळणी होऊन माद्या अंडी घालायच्या तयारीत येतात, मग बागेत सोडा. पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत हवेतच. इथेही मुंग्याच पहिला घात करतात.

एका एकराच्या फीत बांधलेल्या वेलींसाठी सात-आठ भोपळे लागतात. एकट्याने करण्यापेक्षा शेजारच्या चार बागाईतदारांनी मिळून केलेलं परवडतं, कारण मिलीबग बांध बघत नाही.

आणि घडात शिरलाच असेल तर

काढणीला महिना राहिला आणि मणी चिकट झाले, तर भुंगेरे मागवू नका. ते खातील, पण घडात पांढऱ्या अळ्या आणि मेण राहील, आणि निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये जिवंत कीटक म्हणजे जिवंत कीटक. तो मित्र की शत्रू हे तिथे कुणी विचारत नाही. लागण झालेले घड कात्रीने काढून थेट पिशवीत टाका, ओळीत सांडू नका. औषध घ्यायचंच झालं तर ॲनेक्शर-५ च्या (निर्यातीच्या द्राक्षांसाठी मान्य औषधांच्या) यादीतलं आणि काढणीपूर्व दिवस मोजूनच, तेही ब्लोअरने सगळ्या बागेला न देता फीत असलेल्या वेलींना हातपंपाने. त्याच फिती काढणीनंतरही तशाच ठेवा. मे महिन्यात साल काढायची सुरुवात त्या वेलींपासून करायची आहे.